विमा उतरवावा की जोखीम अंगावर घ्यावी? हुंडेकऱ्याच्या बैलांपासून खिशातल्या मोबाइलपर्यंत

नगर शहरात नवा मोबाइल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बिल करताना हमखास विचारले जाते : विमा करायचा का? मागे रांग असते, विक्रेता घाईत असतो आणि निर्णय अर्ध्या मिनिटात होतो. प्रश्न मात्र फार जुना आहे. लहान, किमती आणि सतत फिरती वस्तू वाटेत गेली तर नुकसान कोणाचे, यावर दख्खनमध्ये किमान नऊशे वर्षे विचार झालेला आहे. हा धागा त्याविषयी.

आधी शब्द. ‘विमा’ फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘बीम’ या शब्दाचा अर्थ भीती. मराठीत विमा ‘उतरवतात’, जसे डोक्यावरचे ओझे उतरवावे तसा. भीती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची आणि त्याबद्दल त्याला पैसे मोजायचे, एवढाच हा व्यवहार.

परंतु कोणती भीती? याज्ञवल्क्य स्मृतीचा नियम असा, की वाहकाच्या हातून माल नष्ट झाला तर त्याने भरपाई द्यावी. मात्र राजामुळे वा दैवामुळे झालेला नाश त्यातून वगळावा. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि दख्खनच्या न्यायव्यवहारात ती प्रमाण ठरली. ‘राजा आणि दैव’ हीच जोडी मराठीत ‘अस्मानी-सुलतानी’ या रूपाने नांदते. पेशवाईत महसुलाचा मक्ता घेणारेही अस्मानी-सुलतानीची सूट मागत. आजच्या विमापत्रातील बारीक टायपातले ‘अपवाद’ हे कलम याच कुळातले आहे.

नगर जिल्ह्यात ‘हुंडेकरी’ हे आडनाव आजही ऐकू येते. तो मुळात धंदा. माल एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवण्याचा ठोक सौदा हुंडेकरी करी. बैलांचे भाडे आणि वाटेतली जकात हे सारे त्या एका रकमेत येई. नगरचा माल घाट उतरून कोकणात जायचा तर जकातीची ठाणी अनेक आणि प्रत्येक ठिकाणची हुज्जत वेगळी. व्यापारी ही सगळी कटकटच विकून टाकी.

लुटीची भीती ही त्याहून निराळी आणि महाग. तिच्यासाठी सराफ असत. १६९५च्या सुमारास सुजानराय भंडारी याने ‘खुलासतुत्तवारीख’ या फारसी ग्रंथात, सराफ व्यापाऱ्यांचा माल ठरलेल्या मोबदल्यात सुखरूप पोहोचवण्याची हमी घेतात आणि त्यास ‘बीमा’ म्हणतात, असे नमूद केले आहे. चौंडीच्या लेकीने, अहिल्याबाईंनी, जेथे राज्य केले त्या माळव्यातही हा धंदा चालत असल्याची नोंद जॉन माल्कमने १८२३च्या आपल्या ग्रंथात केली आहे. या व्यवस्थेचे मर्म असे, की हमी घेणाऱ्याला वाट ठाऊक असे. कोठे पहारा लागेल आणि कोणाशी बोलणी करावी लागतील, हे माहीत असल्यानेच त्याला दर सांगता येई.

ज्यांना सराफ परवडत नसे त्यांनीही वाट काढली होती, आणि ती अधिक चतुर म्हणावी लागेल. १८६१च्या कायद्यानंतर सरकारी कागदी नोटा आल्या, तेव्हा टपालाने मोठी नोट पाठवणारे लोक ती मधोमध कापीत. पहिला तुकडा पोहोचल्याचे पत्र आले, की मगच दुसरा रवाना होई. नोटेचा क्रमांक दोन्ही तुकड्यांवर असल्याने ते जुळवता येत. चोराच्या हाती लागलेला एक तुकडा मात्र निरुपयोगी. हप्ता शून्य, संरक्षण पुरेपूर! पुढे टपाल खात्यानेच विम्याची सोय केली आणि लाखेच्या मोहरांचे पाकीट घरोघरी परिचयाचे झाले. त्यावर किंमत लिहावी लागे.

किंमत आधी सांगण्याची ही अट कायद्यात १८६५ सालीच आली होती. त्या वर्षीच्या वाहक कायद्यास एक यादी जोडलेली होती : सोने, चांदी, मोती, हुंड्या, रेशीम, शाली, घड्याळे. यांपैकी शंभर रुपयांहून अधिक किमतीची वस्तू गाडीवानाकडे देताना ती जाहीर केली नसेल, तर ती हरवल्याबद्दल तो सहसा जबाबदार नसे. जाहीर केली, तर जादा आकार घेण्याचा त्याला हक्क होता. मात्र त्याच्या वा त्याच्या माणसांच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर ही ढाल चालत नसे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून धावू लागला आणि बैलांचे तांडे मागे पडले. तरी १८९०च्या रेल्वे कायद्यातही शंभर रुपयांची आणि जाहीर करण्याची अट कायम होती.

त्या यादीतल्या घड्याळाच्या जागी मोबाइल ठेवला, की आजचे विमापत्र वाचता येते. बहुतेक योजनांत फोन ‘विसरला’ वा ‘हरवला’ तर भरपाई नसते. चोरी झाली असेल, तर पोलिसांकडील नोंद लागते. काही ठिकाणी कुलूप तोडल्याची वा बळजबरीची खूणही मागतात. एस.टी.च्या गर्दीत खिसा हलका झाला तर? दुकानात विचारण्याजोगा खरा प्रश्न तोच आहे. तो चोरी मानला जाईल की हलगर्जी, हे तोंडी नको, कागदावर हवे. शिवाय ‘वाढीव वॉरंटी’ ही फोनच्या आतल्या बिघाडाची असते. ती विमा नव्हे.

हिशेबही साधा आहे. समजा, फोन २०,००० रुपयांचा आणि वार्षिक हप्ता १,५०० रुपयांचा. सुमारे तेरा वर्षांत हप्त्यांतच फोनची किंमत भरली जाते. त्यात भरपाई देताना घसारा वजा होतो आणि ठरावीक रक्कम ग्राहकालाच सोसावी लागते. म्हणजे नवा फोन स्वतः घेऊ शकणाऱ्याने हा हप्ता न भरता बाजूला ठेवणेच शहाणपणाचे. ज्याचा फोन कर्जाच्या हप्त्यांवर आहे आणि त्याच फोनवर रोजची कमाई अवलंबून आहे, अशा गाडी चालवणाऱ्या वा घरपोच माल देणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याने विमा जरूर पाहावा, पण पडझड आणि चोरी दोन्ही धरणारा. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडे लेखी तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर नगरच्या ग्राहकाला पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

कापलेल्या नोटेची युक्तीही सरकारने नव्या रूपात आणली आहे. प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. चोरीची वा हरवल्याची पोलिसांत नोंद करून ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो कळवला, की देशातल्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्यावर तो फोन चालेनासा होतो. याची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून झाली. मे २०२३ पासून सोय देशभर आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. क्रमांक खोक्यावर छापलेला असतो, बहुधा बिलावरही. खोके रद्दीत जाण्यापूर्वी तो वहीत उतरवून घ्यावा.