गादीच्या पोटांत काय असतें?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मराठी घरांत वाढलेल्या प्रत्येकास लहानपणापासून ऐकावी लागते. म्हणीचा रोख खर्चाकडे आहे हें खरें. तथापि ती अंथरुणाची लांबी तेवढी पाहावयास सांगते, त्याच्या पोटांत काय भरलें आहे तें पाहावयास सांगत नाहीं, ही तिच्यांतील उणीव मला पुष्कळ दिवस जाणवत आली आहे. अल्प मिळकतीच्या माणसास गादी विकत घेतांना जी अडचण पडते ती पोटाचीच असते. मडकें वाजवून घेतां येतें, धान्य दांताखालीं धरून पाहतां येतें, कापड उजेडांत धरतां येतें. परंतु गादी ही शिवून बंद केलेली वस्तु आहे. वर कोरें कापड आणि आंत जुन्या चिंध्या, असा प्रकार असला तरी तो पहिल्या रात्रीं कळत नाहीं. वर्षानें कळतो, आणि तोंवर पैसे गेलेले असतात. या एका अडचणीवर निरनिराळ्या समाजांनीं काय उपाय योजले, तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्या देशांत कापसाची गादी फार जुनी आहे. संस्कृतांत कापसास ‘तूल’ आणि तो पिंजण्याच्या धनुष्यास ‘पिंजन’ असे शब्द आहेत. आपल्या ‘पिंजणें’ या क्रियापदाचें कूळ त्यांतच सांपडतें. पण गादी जुनी असली तरी ती सर्वांची नव्हती. बौद्ध भिक्षूंच्या विनयग्रंथांत असा एक नियम आहे कीं, भिक्षूनें कापूस भरलेला मंचक किंवा आसन करवून घेतल्यास तो दोष समजावा, आणि दोषनिवेदनापूर्वीं तो कापूस उपटून काढावा. उशीस मात्र कापसाची मुभा होती. संन्याशास ज्या वस्तूचा निषेध सांगावा लागतो ती वस्तु श्रीमंतांच्या घरची असली पाहिजे, हें उघड आहे. मराठीनें तर ‘गादी’ हा शब्द थेट राज्यपदावर नेऊन बसविला. १७३१ सालच्या वारणेच्या तहाविषयीं बोलतांना आपण साताऱ्याची गादी व कोल्हापूरची गादी असेंच म्हणतों. बाकीची रयत घोंगडीवर, किंवा जुन्या लुगड्यांच्या वाकळेवर निजे. त्या वाकळेस मात्र एक गुण होता. तिच्या पोटांत काय आहे, हें शिवणारणीस पक्कें ठाऊक असे, कारण तें तिचेंच लुगडें असे.

इंग्लंडांतील स्थिति याहून फार निराळी नव्हती. १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनांत विल्यम हॅरिसन नांवाच्या, एसेक्समधील एका खेड्यांतल्या पाद्र्यानें गांवच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी नमूद केल्या आहेत. त्यांच्या तरुणपणीं माणसें गवताच्या शय्येवर निजत आणि उशाला लाकडाचा ओंडका घेत; उशी ही बाळंतिणीपुरती समजली जाई. लग्नानंतर सात वर्षांच्या आंत ज्यानें एक गादी व डोक्याखालीं घ्यावयास कोंड्याची पिशवी मिळविली, तो स्वतःस गांवच्या धन्याइतका सुखी मानी. सात वर्षें! एवढ्या अवधीनंतर जी वस्तु घरांत येते ती फसवी निघाली तर त्या कुटुंबाचें काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. शेक्सपिअरनें १६१६ सालच्या मृत्युपत्रांत आपल्या पत्नीस ‘दुसऱ्या प्रतीचा’ पलंग त्याच्या सरंजामासह ठेवला, यावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. त्या वादांत न शिरतां एवढें म्हणतां येईल कीं, बिछाना ही त्या काळीं वारसांच्या नांवें लिहून ठेवण्याजोगी मालमत्ता होती.

जेथें वस्तु महाग आणि तिचें पोट झांकलेलें, तेथें लबाडी शिरल्याशिवाय राहत नाहीं. हॅरिसनच्याही पूर्वीं, १४९५ सालीं, सातव्या हेन्रीच्या कारकीर्दींत पार्लमेंटनें गाद्या भरून विकणाऱ्यांविरुद्ध एक कायदा केला होता. कोरडीं उपटलेलीं पिसें आणि कढत पाण्यांतून काढलेलीं पिसें यांची भेसळ करूं नये; घोड्याचे, गुरांचे, हरणांचे व बकऱ्यांचे केस गाद्यांत भरून विकूं नयेत; कारण निजणाऱ्याच्या अंगच्या उष्णतेनें त्यांस घाण सुटते, असा त्याचा आशय आहे. या कायद्यांतील एक सवलत मोठी मार्मिक आहे. कोणी स्वतःच्या घरच्या उपयोगासाठीं असली गादी केल्यास तीस मनाई नव्हती. ती बाजारांत मांडण्यास तेवढी मनाई होती. आपण काय भरलें हें ज्यास ठाऊक आहे त्यानें खुशाल घोड्याच्या केसांवर निजावें. ज्यास ठाऊक नाहीं त्याचें रक्षण सरकारनें करावें, असा त्यांतील न्याय दिसतो.

चार शतकें लोटलीं तरी रोग तोच राहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील अनेक संस्थानांनीं गादीवर आंतील मालाची चिठ्ठी शिवण्याची सक्ती केली, व विक्रीपूर्वीं ती काढून टाकणाऱ्यास शिक्षा ठरविली. कारण जुन्या, घाणेरड्या गाद्यांतील भरण नव्या खोळींत घालून विकलें जात असे. पण चिठ्ठी वाचून झाली तरी विश्वास ठेवावा लागतो तो चिठ्ठी लिहिणारावरच. त्याच देशांत १९४० सालीं याहून सरळ असा एक मार्ग निघाला. परदेशची मागणी खुंटून कापूस गोदामांत पडून राहिला होता, आणि तो पिकविणारीं कित्येक कुटुंबें गवताच्या पोत्यांवर निजत होतीं. तेव्हां तेथील शेतकी खात्यानें गरीब शेतकरी कुटुंबांस गादीसाठीं ५० पौंड, म्हणजे सुमारें पावणेतेवीस किलो, कापूस व १० वार कापड देण्याची योजना काढली. गादी मात्र त्यांनीं गांवांत एकत्र जमून स्वतःच्या हातांनीं करावयाची होती. अशा लाखों गाद्या तयार झाल्या. आपल्या गादीच्या पोटांत काय आहे, हें त्या कुटुंबांस कोणत्याही चिठ्ठीनें सांगावें लागलें नाहीं.

हाच मार्ग आपल्याकडे पिंजाऱ्याच्या रूपानें पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. पिंजारी किंवा नद्दाफ या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या मुसलमान समाजाचा हा परंपरागत धंदा. खांद्यावर लांब पिंजण घेऊन तो गल्लींत येई, आणि त्याच्या तांतीचा टणत्कार ऐकून बायका दारांत येत. कापूस गिऱ्हाइकासमोर तोलला जाई, अंगणांत पिंजला जाई, तेथेंच खोळींत भरला जाई, आणि दाभणानें टाके पडत तेव्हां घरांतील एखादी म्हातारी जवळ बसून सर्व पाहत असे. पांचसहा वर्षांनीं गादी दडपली कीं तोच माणूस तिचें पोट उसवून तोच कापूस पुन्हां फुलवून देई. खर्च मजुरीचा व थोड्या नव्या कापसाचा. खरेदीच्या वेळीं कापसाची गादी महाग वाटे, पण ती कधीं संपूर्णपणें दुसऱ्यांदा विकत घ्यावी लागत नसे. गरिबाच्या दृष्टीनें स्वस्ताई म्हणतात ती ही.

ही गोष्ट मला उशिरा समजली. लग्न झालें तेव्हां मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतों, व वेतन वर्षांतून दोनदां हातीं पडे. आईनें पिंजाऱ्यास बोलाविण्याचें सुचविलें; परंतु आम्हां उभयतांस दुकानांतील फुलाफुलांच्या खोळीची, हातानें दाबतांच वर येणारी स्पंजाची गादी अधिक सुधारलेली वाटली, शिवाय ती चारशें रुपयांनीं कमी होती. दोन वर्षांत तिच्या मध्यभागीं माझ्या आकाराचा खड्डा पडला. ती उसवली तेव्हां आंत स्पंजाचे तुकडे डिंकानें चिकटविलेले निघाले. पिंजून घ्यावें असें त्यांत कांहीं नव्हतें. आई त्यावर एक शब्दही बोलली नाहीं. तिनें आपली गादी आमच्या खोलींत आणून टाकली आणि स्वतः सतरंजीवर निजली. तो महिना मी विसरलों नाहीं.

जुन्याकडे परत चला, असें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. हातानें पिंजणारा आतां क्वचित् दिसतो; जेथें हा धंदा टिकला आहे तेथें तो बहुतेक यंत्रावर चालतो. गादीस उत्तम असा देशी वाणाचा आंखूड, ताठ धाग्याचा कापूसही, २००२ सालीं बीटी वाणास परवानगी मिळाल्यापासून, शेतांतून फार कमी झाला आहे. उलट ज्या रसायनाचा शोध १९३७ च्या सुमारास जर्मनींत ओटो बायर यानें लावला, त्याच्यापासून होणारा स्पंज सचोटीनें केलेला असेल तर कित्येक वर्षें टिकतो. मात्र त्याचा टिकाऊपणा जाडीवर नसून मुख्यतः घनतेवर असतो, आणि घनता डोळ्यांस दिसत नाहीं. तरीही ती तराजूस दिसते. सहा फूट लांब, चार फूट रुंद व पांच इंच जाड अशी सबंध स्पंजाची गादी, घनमीटरला ३२ किलो घनतेची असेल तर सुमारें नऊ किलो भरते; घनता २० असेल तर पावणेसहाच्या आंतच राहते. चिकटविलेल्या तुकड्यांचा थर मात्र जड असल्यानें वजनास फसवितो. म्हणून खोळीची सांखळी उघडून आंत एकदां पाहून घ्यावें. पिंजाऱ्यानें जीं दोन साधनें आपल्या आजीच्या हातीं दिलीं होतीं, तींच हीं : डोळा आणि तराजू.

गेल्या उन्हाळ्यांत मुलीच्या भाड्याच्या खोलीसाठीं गादी घेण्यास आम्ही गेलों. सहा हजारांची मर्यादा तिनेंच घातली होती. दुकानदारानें एकाच मापाच्या दोन गाद्या दाखविल्या. मीं खोळी उघडून पाहिल्या आणि वजनकांटा मागितला, तेव्हां तो हंसून म्हणाला, “सर, गादी कोणी तोलून घेतें का?”

“पूर्वीं सगळेच घेत,” मीं म्हटलें.

शेजारच्या किराणा दुकानांतून त्यानें कांटा आणविला. दोन्हींच्या पोटांत सबंध स्पंजच होता. पण कमी किमतीची गादी दीड किलोनें जड भरली. मुलीनें तीच घेतली.