रंगीत काचा आणि राहून गेलेली नावे

गेलेल्या माणसाची खूण मागे राहावी ही इच्छा सर्व समाजांत सारखीच आहे. खुणेचे रूप मात्र ज्याचे त्याचे वेगळे. आपल्याकडे देशावर गावोगावी मारुतीच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ वीरगळ दिसतात. खाली लढाईचा प्रसंग, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतोवर कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. परंतु बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. कीर्ती राहिली, ती कोणाची, हे मात्र आज कोणास सांगता येत नाही.

ख्रिस्ती समाजात असेच स्मारक रंगीत काचांच्या खिडक्यांचे करतात. आपल्या नगर जिल्ह्याला ख्रिस्तमंदिर परके नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास १८३१ साली सुरू झाले, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे तिथल्या ख्रिस्ती जीवनाची ओळख मराठी घराघरांत झाली आहे. युरोपात ज्या काळी सामान्य माणसास वाचता येत नसे, त्या काळी देवळाच्या खिडक्यांवरील चित्रांतून त्याला धर्मकथा कळत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मृतांच्या नावाने अशा खिडक्या बसविण्याची चाल फार वाढली.

ही काच वरून रंगविलेली असते असे आपल्याला वाटते. पण मुख्य रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असतानाच तीत धातूंचे क्षार मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, मँगनीजने जांभळा, सोन्याच्या अंशाने माणकासारखा तांबडा. मग कागदावरील आराखड्याप्रमाणे तुकडे कापतात. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या गडद रंगाने रेखून तुकडे भट्टीत भाजतात, म्हणजे रेघ काचेत पक्की बसते. शेवटी शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत तुकडे अडकवून सांध्यांना डाख देतात आणि फटींत लांबी भरतात. आपण गोधडी शिवताना तुकड्याला तुकडा जुळवतो, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा. दिवसा बाहेरून पाहिले तर ही खिडकी काळपट, निस्तेज दिसते. आत जाऊन उजेडाकडे तोंड करून उभे राहावे, तेव्हाच तिचे रंग उमलतात.

महाराष्ट्रात अशा खिडक्यांचे नामांकित ठिकाण म्हणजे मुंबईस कुलाब्याचे सेंट जॉन चर्च. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. त्याची पायाभरणी १८४७ साली झाली आणि १८५८ च्या जानेवारीत ते प्रार्थनेसाठी खुले झाले. त्याच्या पूर्व व पश्चिम बाजूंच्या मोठ्या खिडक्यांच्या काचा न्यूकॅसलचे प्रसिद्ध कारागीर विल्यम वेल्स यांच्या हातच्या आहेत.

हे सबंध चर्चच एक स्मारक आहे. १८३८ साली इंग्रजांनी शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसविण्यासाठी स्वारी केली. मुंबईची फौज सिंधमार्गे गेली. काबूल हाती आले. पण १८४१ च्या अखेरीस तिथे उठाव झाला आणि १८४२ च्या जानेवारीत इंग्रजांना ऐन बर्फात माघार घ्यावी लागली. त्या वेळी काबूलहून सुमारे १६,००० माणसे निघाली. त्यांत लढणारे जेमतेम ४,५००. उरलेले नोकरचाकर, बायका आणि मुले. खिंडींतून त्यांतले बहुतेक सर्व मेले किंवा बंदिवान झाले. पुढे १८४३ त सिंधची लढाई झाली. ह्या मोहिमांत पडलेल्यांसाठी हे चर्च उभे राहिले.

तिथला स्मृतिलेख मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. अधिकाऱ्यांची नावे वेदीजवळच्या भिंतींवर आहेत. साध्या सैनिकांविषयी मात्र एवढेच म्हटले आहे, की ते इतके अधिक होते की त्यांची नावे अशी नोंदविता आली नाहीत. दुखण्याने मेलेले आणि तलवारीने मेलेले, सारे त्या एका वाक्यात आले. तळाबरोबर चालणाऱ्या बायकामुलांचा तर त्यात उल्लेखही नाही.

संख्या मोठी होती हे खरे. तथापि पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाचा स्तंभ आपल्यापैकी अनेकींनी जाता-येता पाहिला असेल. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर काही वर्षांतच तो उभा राहिला, आणि त्यावर पडलेल्या देशी शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्या नावांमुळे आज दोनशे वर्षांनंतरही त्यांचे वंशज व समाजबांधव तिथे मानाने जमतात. नाव दगडावर राहिले की पुढच्या पिढीला हक्काने उभे राहावयास जागा मिळते, ती अशी.

मुंबईतच दुसरे उदाहरण आहे, आणि ते तर एका बाईच्या नावाचे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली व मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. राजाबाईंना दिसत नसे आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता, म्हणून घड्याळाच्या टोल्यांची सोय झाली, अशी कथा सांगतात. तिथेही रंगीत काचांच्या सुरेख खिडक्या आहेत. त्यांची दुरुस्ती होऊन २०१५ साली वास्तू पुन्हा उजळली. राजाबाईंनी ना लढाई केली, ना ग्रंथ लिहिला. मुलाला आईची आठवण ठेवावीशी वाटली, एवढ्यावर ते नाव मुंबईकरांच्या तोंडी बसले.

आता आपल्या कर्जतकडे पाहू. आपल्याला मनोरा बांधावयाचा नाही की न्यूकॅसलहून काचा मागवावयाच्या नाहीत. पण ही स्मरणिका म्हणजे आपल्या परीने एक स्मारकच होय. हिच्या पानांवर अध्यक्षा, कार्यवाह, देणगीदार यांची नावे येतीलच, आणि ती यावीत. त्यांच्या जोडीला सतरंज्या घालणाऱ्या, हळदीकुंकवाला शंभर कप चहा करणाऱ्या, भिशीचे हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या, आणि आज हयात नसलेल्या भगिनींचीही नावे एकेक करून विचारून घ्यावीत व छापावीत. आपल्या मंडळात माणसे मोजकी आहेत. नावे लिहिता आली नाहीत अशी सबब आपल्याला सांगता यावयाची नाही.