यंत्र खुले, माहिती अपुरी

एखाद्या यंत्राचा आराखडा कोणालाही पाहता यावा, त्यावरून यंत्र तयार करता यावे, त्यात बदल करता यावेत आणि ते विकताही यावे, अशी मुभा निर्मात्याने दिली, की त्यास ‘मुक्त स्रोत हार्डवेअर’ म्हणतात. संगणकाच्या आज्ञावलींत हा विचार आधी रुजला. यंत्रांसाठीची व्याख्या २०११ मध्ये निश्चित झाली. तिची पहिलीच अट कागदपत्रांची आहे. आराखडा मूळ, बदल करण्याजोग्या स्वरूपात दिला पाहिजे. सर्किटच्या छपाईसाठी तयार केलेली अंतिम प्रतिमा तेवढी देऊन भागत नाही. ही अट कडक वाटली तरी रास्त आहे. आज्ञावलीची नक्कल क्षणात होते. यंत्राची नक्कल लोखंड, तारा, वेल्डिंग आणि हाताची सवय यांतून उभी राहते.

महाराष्ट्रात या विषयाचा अनुभव पुणे जिल्ह्यातील पाबळने घेतला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये अमेरिकेतील ‘एमआयटी’च्या सहकार्याने तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. एमआयटीबाहेरील अगदी पहिल्या लॅबमध्ये तिची गणना होते. अशा लॅबच्या जागतिक जाळ्यात चालणाऱ्या ‘फॅब अकादमी’ या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने दर आठवड्याचे काम, फसलेल्या प्रयत्नांसह, स्वतःच्या संकेतस्थळावर मांडायचे असते आणि मूल्यमापन त्या नोंदींवरूनच होते. वस्तू चालली, पण नोंद नाही, हे तेथे चालत नाही.

नोंदीचे महत्त्व पाबळच्या घुमटावरून कळते. त्रिकोणांच्या लोखंडी सांगाड्यावर उभे राहणारे हे घर आश्रमाची ओळखच बनले. अशा सांगाड्यात सामान्यतः दोन किंवा अधिक वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या लागतात. कापताना थोडी थोडी चूक साचत गेली, तर शेवटचा त्रिकोण जुळत नाही. बीड जिल्ह्यातील कपिलधार घ्या. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे आणि धबधब्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरातील ठिकाणी एखाद्या शाळेने असा घुमट उभारायचा म्हटला, तर पूर्ण झालेल्या घराच्या सुंदर छायाचित्राचा तिला काय उपयोग? तिला हवी पट्ट्यांच्या लांबीची यादी, जोडणीचा क्रम, पट्टी नेमक्या मापाची न मिळाल्यास कोणती चालेल याची सूचना आणि आधी कोठे काय फसले याची कबुली. शेवटची गोष्ट संकेतस्थळांवर सर्वांत कमी सापडते. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही, तरीही.

दुसरा दोष आवृत्तीचा. आराखडा बदलतो, सुट्या भागांची यादी मात्र जुनीच राहते. वाचणारा भाग विकत घेतो आणि ते बसत नाहीत. प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक व तारीख असणे आणि वापरणाऱ्याला चूक कळवण्याची सोय असणे, एवढ्याने बरेच पैसे वाचतात. कागदपत्रे पुरेशी आहेत की नाहीत हे बाहेरच्यांनी तपासावे, यासाठी जर्मनीत २०२० मध्ये ‘डीआयएन स्पेक ३१०५’ हे प्रमाण प्रसिद्ध झाले.

शिकवण्याच्या अंगाने मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प पाहण्यासारखा आहे. सुमारे दहा मिनिटांचा पाठ, त्याची आधी लिहिलेली संहिता, नवशिक्याकडून तपासणी आणि मग भारतीय भाषांत आवाज, अशी त्याची पद्धत आहे. पडद्यावरील मजकूर इंग्रजीच राहतो, निवेदन मात्र मराठीतही ऐकता येते. यंत्रांच्या माहितीतही नवशिक्याची ही तपासणी उपयोगी ठरेल. ज्याने यंत्र बनवले त्याला स्वतःच्या लिखाणातील गाळलेली पायरी दिसत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी येथील पुस्तिका श्रीलिपीसारख्या खास फाँटमध्ये टंकित होत. वृत्तपत्रांची संकेतस्थळेही तेव्हा वाचकाला फाँट उतरवून घ्यायला सांगत. अशा फायली आज उघडल्या तर निरर्थक अक्षरे दिसतात, आणि शोधयंत्राला तर त्या सापडतच नाहीत. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत, मात्र जोडाक्षरे बिघडतात आणि मापांचे आकडे चुकू शकतात. म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते.