९ जानेवारी : पोलीस महासंचालकपदी पहिल्या महिला

२०२४ मध्ये आजच्या दिवशी रश्मी शुक्ला यांनी राज्याच्या पोलीस महासंचालकपदाची सूत्रे घेतली. या पदावरील त्या पहिल्या महिला.

खानदेशाने मात्र महिला अधिकाऱ्याचा तपास तीस वर्षे आधीच पाहिला होता. १९९४ मध्ये जळगावचे लैंगिक शोषण प्रकरण उघडकीस आले. पोलीस अधिकारी अरविंद इनामदार यांच्याकडे तपासाची धुरा होती, सोबत मीरा बोरवणकर. बदनामीच्या धाकाने पीडित मुली पुढे येईनात. त्यांना बोलते करणे हेच खरे कठीण काम! बोरवणकर पुढे, २०१० मध्ये, पुण्याच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त झाल्या.

१९९४ मध्येच राज्याच्या पहिल्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के आरक्षण आणले. धुळे-जळगावच्या पोलीस भरतीत मुली आज ८०० मीटर धावतात, गोळाफेकही करतात.