तीन बहिणींची तबकडी

परवा नातू आला होता. म्हणाला, "आजी, जगातली सगळ्यात वाईट तबकडी ऐकायचीय?" तीस वर्षं शाळेची स्नेहसंमेलनं पार पाडलेली मी, म्हटलं लाव! गिटार एकीकडे, ड्रम दुसरीकडे आणि गळा तिसरीकडेच... दोघंही पोट धरून हसलो. मग त्याने हकिगत सांगितली, आणि माझं हसू मावळलं.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात फ्रीमाँट नावाचं छोटं गाव आहे. तिथले ऑस्टिन विगिन गिरणीत कामाला होते. त्यांच्या आईनं त्यांचा हात पाहून तीन गोष्टी सांगितल्या होत्या: तांबूस-सोनेरी केसांची बायको मिळेल, माझ्यामागे दोन मुलगे होतील, आणि तुझ्या मुली गाण्यात नाव काढतील. पहिल्या दोन खऱ्या झाल्या. तिसरी खरी करायला विगिन स्वतःच कामाला लागले.

डॉट, बेटी आणि हेलन यांना शाळेतून काढलं, शिक्षण पोस्टानं. घरी रोज तालीम, शनिवारी गावच्या टाउन हॉलमध्ये कार्यक्रम. बँडचं नाव 'द शॅग्ज'. १९६९ मध्ये पदरमोड करून मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्टुडिओत 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' ही तबकडी केली. प्रती १०००, त्यातल्या ९०० गायब झाल्या म्हणतात. १९७५ मध्ये वडील गेले, आणि मुलींनी बँड बंद केला.

गंमत पुढेच आहे. १९८० मध्ये काही संगीतकारांनी ती तबकडी पुन्हा काढवली. कर्ट कोबेनसारख्या गायकानं तिला आपल्या आवडत्या तबकड्यांत बसवलं. म्हणजे आजीचं भाकीत खरं ठरलं म्हणायचं का?

मी पुन्हा ऐकली. डॉटनं लिहिलेलं एक गाणं आईबाप म्हणजे कोण, यावर आहे. त्यात तक्रार नाही, आईबापांचं कौतुकच आहे. तेच ऐकवेना.

विगिनना नावं ठेवायला मी कोण? माझ्या लेकीला चित्रकला हवी होती, मी तिला सायन्सला घातलं. आमच्याकडे भविष्य तळहातावर नव्हतं, दहावीच्या मार्कांत होतं, एवढाच फरक. पुढे तिचं चांगलं झालं, हे मी सगळ्यांना सांगत असते. तिला मात्र कधी विचारलं नाही.

नातू गेल्यावर तिला फोन लावला. "तुझी रंगपेटी आहे का गं अजून?" ती थोडा वेळ काही बोललीच नाही.