‘व्हेन्यू: लंडन’

कुठलाही मोठा करार उघडा. शेवटी एक कलम हमखास सापडतं: वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं, आणि लवाद अमुक शहरात बसेल. क्लायंटबरोबरच्या आपल्या आयटीवाल्यांच्या करारांतही हे असतं, आणि आपण खुशाल स्क्रोल करतो :)

जानेवारी २०१० मध्ये नायजेरियाने अशाच एका करारावर सही केली. समोर होती पी अँड आयडी, आयर्लंडच्या दोन व्यावसायिकांनी काढलेली, ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदवलेली चिमुकली कंपनी. सरकारने वीस वर्षं कच्चा वायू पुरवायचा. कंपनीने कॅलाबारला प्रकल्प बांधून तो साफ करायचा, विजेसाठी सरकारला फुकट परत द्यायचा आणि त्यातून निघालेले प्रोपेन-ब्युटेन विकून कमवायचं. सरकारने वायू दिला नाही. कंपनीनेही प्रकल्पाची एक वीट रचली नाही.

२०१२ मध्ये कंपनी लवादात गेली. तीन लवाद बसले: इंग्लंडचे दोन निवृत्त न्यायाधीश, लॉर्ड हॉफमन आणि सर अँथनी इव्हान्स, आणि नायजेरियाचे माजी अ‍ॅटर्नी जनरल बायो ओजो. जानेवारी २०१७ मध्ये दोन विरुद्ध एक असा निवाडा आला: भरपाई ६.६ अब्ज डॉलर, वर ७ टक्के व्याज. म्हणजे रोज बारा लाख डॉलरहून जास्त नुसतं व्याज! ओजोंच्या मते भरपाई २५ कोटी डॉलर पुरेशी होती. २०२३ पर्यंत आकडा ११ अब्जांच्या पुढे गेला, नायजेरियाच्या परकीय गंगाजळीच्या साधारण एक तृतीयांश.

मधल्या काळात भांडण झालं एका शब्दावरून. करारात ‘व्हेन्यू’ लंडन होतं. नायजेरिया म्हणे, ते फक्त बसायचं ठिकाण. लवादाची कायदेशीर ‘सीट’ आमच्याकडेच. सीट म्हणजे गाडीच्या पासिंगसारखी भानगड आहे. गाडी कुठेही फिरो, कागदपत्रांचा घोळ झाला की आरटीओ तोच. लागोसच्या कोर्टाने नायजेरियाच्या बाजूने आदेशही दिला होता. पण लवादाने २०१६ मध्ये ठरवलं की सीट लंडनच, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश कोर्टाने ते मान्य केलं. कंपनी जिंकली.

आणि तिथेच फसली. सीट लंडन म्हणजे १९९६ चा इंग्लिश लवाद कायदा, आणि त्याचं कलम ६८ सांगतं की लबाडीने मिळवलेल्या निवाड्याला कोर्टात आव्हान देता येतं. मुदत फक्त २८ दिवसांची! नायजेरिया आली डिसेंबर २०१९ मध्ये, जवळजवळ तीन वर्षं उशिरा. न्या. क्रॅन्स्टन यांनी तरीही सप्टेंबर २०२० मध्ये दार उघडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्या. रॉबिन नोल्स यांनी निकाल दिला: पेट्रोलियम मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला कंपनीने लाच दिली होती, करार कसा झाला याबद्दल लवादापुढे खोटी साक्ष दिली होती, आणि नायजेरियाच्याच वकिलांची गोपनीय कागदपत्रं पळवून स्वतःकडे ठेवली होती. डिसेंबरमध्ये निवाडा रद्द झाला.

माझं मत असं, की हेच काम लागोसच्या कोर्टाने केलं असतं तर ‘घरचंच कोर्ट’ म्हणून जगाने नाक मुरडलं असतं. लंडनने केल्यावर कोण बोलणार?

पण मला जास्त छळतं ते वेगळंच. लवाद नावाजलेले होते, प्रक्रिया नियमाप्रमाणे चालली, आणि तरी कुणालाच काही दिसलं नाही. नायजेरियाच्या बाजूने नीट लढलंच गेलं नाही, लवादाने समोर आलं तेवढ्यावर निर्णय दिला, आणि बंद दाराआड ‘अहो, हे काय चाललंय?’ असं विचारायला पत्रकारही नव्हते. स्वतः नोल्स यांनी निकालाच्या शेवटी हा गुप्ततेचा मुद्दा काढलाय.

ब्रिटनचा सुधारित लवाद कायदा १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. लवादाच्या कलमाला कुठला कायदा लागू, हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर आता सीटचाच कायदा धरायचा. गुप्ततेबद्दल मात्र त्यात कलम घातलेलं नाही. ते जुन्या निकालांवरच सोडलंय.