२७ ऑक्टोबरचा वेढा

गणेशोत्सवाच्या आगेमागेच १७ सप्टेंबर येतो. मराठवाड्यातून हैदराबाद-सिकंदराबादला येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांतून त्या दिवशी 'पोलीस ॲक्शन'च्या आठवणी निघतात. १९४८ च्या त्या पाच दिवसांबद्दल सगळेच बोलतात. त्याआधी रस्त्यावर काय घडत होते, हे मात्र नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही.

रझाकार म्हणजे स्वयंसेवक. इत्तेहादुल मुसलमीनच्या या दलाचे पुढारी होते लातूरचे वकील कासीम रझवी. गणवेश, संचलने, घोषणा आणि चिथावणीची भाषणे यांनी शहर दणाणून जाई. निजाम सरकार पाहत राही.

भारताशी 'जैसे थे' करार करण्यासाठी निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होते. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे हजारोंच्या जमावाने पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सर वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळाचे जाणे रद्द झाले. छत्तारींनी पद सोडले आणि पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले.

गंमत अशी की, २९ नोव्हेंबरला करार झालाच, तोही जवळपास त्याच मसुद्याचा! मग जमावाने मिळवले काय? सरकार आपल्याला अडवत नाही, ही खात्री. तिच्याच जोरावर पुढे खेड्यापाड्यांत लूटमार आणि जाळपोळ झाली. कितीतरी कुटुंबांनी घरदार सोडून सरहद्द ओलांडली.

विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध निर्भीडपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची निर्घृण हत्या झाली.

रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिले आणि सुटल्यावर पाकिस्तानात गेले. पण कारवाईनंतर सूड उगवला गेला तो मराठवाड्यातल्या साध्या मुसलमान कुटुंबांवर. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. मुक्तिदिनी हेही सांगायला हवे.

आपल्या विसर्जन मिरवणुकीलासुद्धा परवाना लागतो, मार्ग आणि वेळ ठरवून मिळते. द्वेषाच्या मोर्चाला मात्र मोकळे रान मिळाले. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर एवढे कळते, की बंदोबस्त न लावणे हाही एक निर्णयच असतो.